वेर्ण्याची नोकरी आणि गावातले दुकान : एक तुलना

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात, गुणवत्ता हमी विभागात, 14 वर्षे काढल्यानंतर 3 वर्षांपूर्वी मी राजीनामा दिला आणि फोंड्याजवळच्या माझ्या गावात औषधांचे दुकान घातले. तेव्हापासून वेर्ण्यात, कुंडईत किंवा पिळर्णला नोकरी करणारे पस्तिशी-चाळिशीतले ओळखीचे लोक काही ना काही निमित्त काढून दुकानात येतात, पॅरासिटामॉलची एक पट्टी घेतात आणि गिऱ्हाईक पांगले की हळूच विचारतात, "सोडावी का?" या प्रश्नाचे उत्तर काउंटरमागे उभ्या-उभ्या देणे मला जमत नाही, म्हणून दोन्ही बाजू येथे मांडतो. घरखर्च किती, हाताशी शिल्लक किती महिन्यांची हवी, हे हिशेब विचारणाऱ्याने बहुधा केलेलेच असतात. त्यांत मी शिरत नाही.

टिकून राहण्याची बाजू सोडून आलेले लोक मान्य करतात त्याहून बरीच भक्कम आहे. माझ्यासोबत कंपनीच्या बसने जाणारा एक सहकारी आजही त्याच टेबलावर बसून तेच कागद तपासतो आणि सुखात आहे. साडेपाचला काम संपले की त्याच्या डोक्यात कामाचे काहीच उरत नाही, आणि रिकामे झालेले हे डोके तो गावच्या नाटकमंडळाला देतो. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेची तालीम सुरू झाली की परतीच्या वाटेवर तो खिडकीकडे तोंड करून संवाद पुटपुटू लागतो, आणि बोरीचा पूल येईपर्यंत त्याचा पहिला अंक आटोपलेला असतो. कंटाळा ही त्याला नोकरीची सोयच वाटते. ज्याच्या आयुष्यात असे दुसरे काही भक्कम आहे, त्याने कंटाळ्याला घाबरून पगार सोडू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

शिवाय, बांधलेल्या पगाराची किंमत गोव्यातल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. 2012 साली खाणी बंद झाल्या, मग मर्यादा घालून काही काळ सुरू झाल्या आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. या काळात माझ्या मामांचा खनिज वाहणारा ट्रक दारातल्या फणसाखाली उभा असे आणि बँकेचा हप्ता मात्र चालू असे. मी राजीनाम्याचा विषय काढला तेव्हा मामा एवढेच म्हणाले, "एक तारखेला पैसे येतात न्हय? मग गप्प बस." त्यांच्या बाजूने पाहिले तर ते चुकत नव्हते.

पैशांच्या बाबतीत तुलना फार लांबवण्यासारखी नाही, कारण ती सरळच नोकरीच्या बाजूने झुकते. पहिल्या वर्षी दुकानातून मला पगाराच्या निम्मेही सुटले नाहीत; आता दोन-तृतीयांशाच्या आसपास सुटतात. सरकारने दर बांधून दिलेल्या सूचीतील औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा 2013 च्या औषध दर नियंत्रण आदेशाने 16 टक्के ठरवून दिला आहे, आणि मोबाइलवरून औषधे मागवणारे गिऱ्हाईक त्यातही सूट मागते, त्यामुळे "आपला धंदा, आपले पैसे" हे वाक्य ऐकायला जितके गोड तितके खिशात वजनदार नसते. तारखांकडे मात्र लक्ष ठेवावे. ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षे आणि भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनासाठी 10 वर्षे सेवा लागते. यांपैकी एखादा टप्पा पाच-सहा महिन्यांवर आला असेल तर तो ओलांडूनच पत्र द्यावे. घरासाठी कर्ज काढायचे असेल तर तेही आधीच काढावे, कारण पगाराची पावती पाहून हसणारा बँकेचा अधिकारी नव्या दुकानदाराकडे दोन-तीन वर्षांची आयकर विवरणे मागतो.

मी चुकलो तो आरोग्य विम्यात. कंपनीच्या सामूहिक विम्यात माझे आई-वडील होते आणि वडिलांचा मधुमेह त्यात पहिल्या दिवसापासून धरलेला होता. ते संरक्षण माझ्या नोकरीबरोबर संपणार, हे मला ठाऊक होते. स्वतः घेतलेल्या नव्या विम्यात जुन्या आजारांना मुदत संपेपर्यंत थांबावे लागते, हेही ठाऊक होते. आता ही मुदत 3 वर्षांहून जास्त असू शकत नाही, पण सत्तरीच्या माणसासाठी 3 वर्षे थोडी नव्हेत. मधल्या काळात राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डाचा आधार वाटला. त्यात तीन किंवा कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला 4 लाखांपर्यंत संरक्षण मिळते. गरज पडली नाही, हे नशीब. राजीनाम्याच्या वर्षभर आधी वेगळा विमा घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.

वेळेबद्दल सोडणाऱ्यांचा जो समज असतो, तोही दूर केलेला बरा. नोकरीत माझा रविवार माझा होता. आता चतुर्थीला आरती चालू असताना मागच्या दाराची कडी वाजते आणि कोणाच्या तरी मुलाला ताप असतो. पावसात वीज गेली की इन्सुलिनच्या फ्रिजचा काटा 8 अंशांवर तर चढत नाही ना, हे पाहायला मी रात्री छत्री घेऊन दुकानात गेलो आहे. ज्याला नोकरी केवळ मोकळ्या वेळासाठी सोडायची आहे, त्याने निदान दुकान तरी घालू नये.

हे सगळे नोकरीच्या बाजूने लिहून झाल्यावर मी ती का सोडली, हे सांगणे भाग आहे. कंटाळ्यामुळे सोडली असे म्हणणे पूर्ण खरे होणार नाही. कंटाळा पहिल्या 3 वर्षांतच आला होता आणि पुढची 11 वर्षे त्याच्याशी माझे बरे चालले होते. निर्णय घडवला तो एका छापील रकान्याने.

माझे काम बॅच रेकॉर्ड तपासण्याचे. गोळ्यांच्या प्रत्येक बॅचमागे कागदांची एक जाड फाइल असते: कोणता घटक किती वजनाचा घेतला, मिश्रण किती वाजता सुरू केले, किती वाजता थांबवले, कोणी केले, कोणी पाहिले. चुकले तर खोडायचे नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख. (घरच्या वाणसामानाच्या यादीतही मी अशीच रेघ मारून सही करतो, हे बायकोने दाखवून दिले तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो.) प्रत्येक पानाच्या तळाशी 'तपासले' या शब्दापुढे माझी सही. एकदा माल बाहेर जाण्यापूर्वीच्या अंतिम तपासणीत एका सहकारी बाईंनी एक पान परत आणून माझ्यापुढे ठेवले. मिश्रणाची सुरुवात 11.20, समाप्ती 10.50, आणि खाली माझी सही, नेहमीसारखी वळणदार. चालकाने घाईत 11.50 ऐवजी 10.50 लिहिले होते. यंत्राच्या नोंदीवरून ते लगेच सिद्ध झाले आणि औषधात काही दोष नव्हता. पण ते पान मी वाचले होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

नियमाप्रमाणे डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्या पद्धतीत कुठे चूक झाली ते नोंदवण्याचा, अर्ज भरावा लागला. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो. खरे कारण मला माहीत होते, म्हणून तो मी बराच वेळ कोरा ठेवला, आणि शेवटी सगळे लिहितात तेच लिहिले: मानवी चूक. उपाय म्हणून माझे पुन्हा प्रशिक्षण ठरले, आणि ज्या कार्यपद्धतीचे प्रशिक्षण मला द्यायचे होते तिच्या पहिल्या पानावर लेखक म्हणून माझेच नाव होते. अर्धा तास मी माझीच वाक्ये दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, हजेरीपत्रकावर सही केली, 10 प्रश्नांच्या चाचणीत 10 गुण मिळवले. सहा महिन्यांनी तशीच चूक पुन्हा झाली. पुन्हा तोच रकाना, तेच दोन शब्द, तीच चाचणी, तेच 10 गुण. कोणी ओरडले नाही, पगारवाढ अडली नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. मला पगार मिळत होता तो लक्ष देण्याचा, आणि माझ्यापाशी नेमके तेच उरले नव्हते. ही गोष्ट लिहायला त्या अर्जात जागा असती, तर कदाचित मी अजूनही वेर्ण्याच्या बसमध्ये असतो.

दुकानात कागद सुटले, असे मुळीच नाही. एच-1 अनुसूचीतील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न द्यायच्या काही औषधांसाठी येथेही नोंदवही आहे, तीत डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या लिहावी लागते आणि ती 3 वर्षे सांभाळून ठेवावी लागते. काम तेच, पगार कमी. फरक एवढाच की ती ओळ लिहिताना समोर माणूस उभा असतो. गेल्या उन्हाळ्यात वाड्यावरच्या एक आजी दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या, एक बांबोळीच्या गोमेकॉची, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, आणि दुसरी गावातल्या डॉक्टरांची. गोळ्यांची नावे वेगळी, पट्ट्यांचे रंग वेगळे. मी दोन्ही उलट्या करून बारीक अक्षरे वाचली तर आत एकच औषध, रक्तदाब उतरवणारे आणि जास्त झाले की पाय सुजवणारे आम्लोडिपिन. दोन्ही गोळ्या त्या आठ दिवस घेत होत्या आणि पाय सुजतात म्हणून तिसऱ्या गोळीची चौकशी करायला आल्या होत्या. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, एक पट्टी बाजूला काढली. "देव बरें करूं" म्हणून आजी गेल्या. माझा त्या दिवशीचा एकूण फायदा उणे एक पट्टी होता, पण ती दोन्ही पाने मी वाचली होती, हे मी शपथेवर सांगू शकतो.

ही एका माणसाची गोष्ट आहे आणि ती सगळ्यांना लागू पडेलच असे नाही. नाटकवाल्या माझ्या मित्राला मी नोकरी सोडायला कधीच सांगणार नाही. घरात एकच मिळवता माणूस असेल आणि आई-वडिलांच्या उपचारांची व्यवस्था झाली नसेल, तर थांबणे योग्य. मात्र आपण सही केलेली, पाठवलेली, मंजूर केलेली गेल्या आठवड्यातली तीन कामे आठवायला बसावे आणि एकही आठवू नये, अशी अवस्था आली असेल, तर बढती किंवा दुसरा विभाग यांनी ती बदलेल असे मला वाटत नाही. मी दोन्ही करून पाहिले होते.

राजीनाम्याआधी मी केलेली आणि आजही पटणारी गोष्ट म्हणजे साठलेल्या अर्जित रजेतले 12 दिवस एका परिचिताच्या औषधाच्या दुकानात बिनपगारी उभा राहिलो. मुदतीची तारीख छापलेले टोक शेवटपर्यंत शाबूत राहावे म्हणून पट्टी दुसऱ्या बाजूने कापायची असते, हे पदवी घेऊनही मला तिथेच कळले. सहाव्या दिवशी पाय दुखू लागले आणि नवव्या दिवशी मी घड्याळ न पाहता दुपारचे दोन वाजवले. त्या 12 दिवसांत घड्याळाकडेच लक्ष गेले असते तर रजा संपवून मी मुकाट्याने परत बस पकडली असती, आणि तेव्हा कोणाला काही सांगावेही लागले नसते. ही रजा शक्यतो पावसाळ्यात घ्यावी. मार्चमध्ये कुठलेही दुकान बरेच वाटते.