जोखमीचे काम की जंगलातले तगणे : घरच्यांसोबत कोणती मालिका पाहावी?

मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी मुले घरातच असतात आणि ती घरात असलेलीच बरी. या दिवसांत साहसाची एखादी मालिका सर्वांनी मिळून पाहायची ठरवली, तर निवड मुख्यतः तिघींतून करावी लागते : ‘डेडलिएस्ट कॅच’, ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ आणि ‘अलोन’. जिवाचा धोका तिन्हींत दिसतो. पण कॅमेरा नसता तरी तो धोका तिथे असता का, असे प्रत्येकीबाबत विचारले की त्यांच्यातले अंतर कळते, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

या कसोटीवर ‘डेडलिएस्ट कॅच’ सर्वांत पुढे आहे. २००५ पासून सुरू असलेल्या या मालिकेत अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात खेकडे पकडणाऱ्या बोटी दिसतात, आणि त्या बोटी चित्रीकरण सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या समुद्रात जात होत्या. पोलादी सांगाड्याचा एकेक पिंजरा ३०० किलोंहून जड असतो. थंडीत उसळलेले पाणी त्यांच्यावर आणि कठड्यांवर गोठत जाते, वरचे वजन वाढून बोट कलंडण्याची भीती निर्माण होते, आणि मग खलाशांना हातोडे घेऊन तो बर्फ फोडत राहावे लागते. पिंजरा पाण्यात सोडला की त्याच्यामागे दोराची वेटोळी सरसर सुटत जातात; त्यांत पाय अडकला तर माणूस पिंजऱ्याबरोबर समुद्रात ओढला जातो. ज्यांच्या घरातले कोणी विहिरीच्या खोदकामावर यारीखाली उभे राहिलेले आहे, त्यांना या दृश्यातली भीती समजावून सांगावी लागणार नाही.

या मालिकेत पैशाचा हिशेबही दिसतो, आणि आपल्याकडच्या प्रेक्षकासाठी मला तो फार मोलाचा वाटतो. खलाशाला रोजंदारी मिळत नाही, विक्रीतला वाटा मिळतो. माल कमी आला तर वाटाही कमी. बीडकडून कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड जोडप्यांनाही टनावर मजुरी मिळते, मात्र त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल असते आणि हंगामभर ती फिटत राहते. पूर्वी बेरिंग समुद्रात सर्व बोटींची मिळून एकच मर्यादा असे; ती गाठली की हंगाम बंद होत असे, त्यामुळे वादळातही थांबणे कोणाला परवडत नसे. २००५ मध्ये बोटींना आपापला हिस्सा ठरवून देण्याची पद्धत आली आणि हवामान पाहून थांबण्याची मुभा मिळाली. पहिल्या पर्वात जुन्या पद्धतीचा शेवटचा हंगाम आहे, म्हणून ते नंतरच्या पर्वांशी ताडून पाहावे : समुद्र तोच असला तरी नियम बदलल्यावर माणसाची घाई किती बदलते, हे त्यातून दिसते. मालिकेत धूम्रपान बरेच आहे आणि भाषाही रांगडी आहे. लहान मुलांच्या पालकांनी याचा विचार करावा.

‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ २००६ मध्ये आली. तिच्यात जंगलात तगून दाखवणारे बेअर ग्रिल्स आपल्या प्रेक्षकांना अधिक ओळखीचे झाले ते १२ ऑगस्ट २०१९ च्या भागामुळे, ज्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी त्यांच्यासोबत कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात होते. मालिका वेगवान आहे, मुलांना पटकन धरून ठेवते. मात्र चित्रीकरणाच्या काळात ग्रिल्स काही रात्री हॉटेलात राहिल्याचे २००७ मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर काही प्रसंग प्रात्यक्षिकासाठी घडवलेले असतात, अशी सूचना भागांसोबत दिली जाऊ लागली. माझा खरा आक्षेप मात्र अनुकरणाबद्दल आहे. तहान लागली म्हणून स्वतःचे मूत्र पिणे यात दाखवलेले आहे; आपल्या उन्हात असे केल्यास शरीरात क्षार वाढून अवस्था आणखी बिकट होते. जंगलातल्या युक्त्यांचे मुलांना आकर्षण वाटू लागले, की सापाचा विषयही घरात काढावा. घोणस किंवा मण्यार चावल्यास जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता, तो अवयव न हलवता, रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे, हे मालिका सुरू करण्यापूर्वीच मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

‘अलोन’ची जातकुळी निराळी आहे. २०१५ मधल्या पहिल्या पर्वात कॅनडातील व्हँकुव्हर बेटावर दहा जणांना वेगवेगळ्या जागी सोडण्यात आले. प्रत्येकाने ठरावीक यादीतून दहा वस्तू निवडायच्या, चित्रीकरण स्वतःच करायचे, आणि सहन झाले नाही की उपग्रह फोनवरून माघार कळवायची. एकाने अस्वलांच्या भीतीने पहिल्याच रात्री माघार घेतली. जिंकणारा ५६ दिवस टिकला. इथला धोका स्पर्धेसाठी पत्करलेला आहे, वैद्यकीय तपासणीही होते, त्यामुळे कामाच्या जोखमीची बरोबरी त्याला येत नाही. पण उपासमार खरी असते : वजन धोकादायक पातळीपर्यंत घटल्याने डॉक्टरांनी बाहेर काढलेले स्पर्धकही आहेत. अनेक जण भुकेपेक्षा घरच्या आठवणीने खचतात, आणि कॅमेरा त्यांच्याच हातात असल्याने तो कोलमडण्याचा क्षण कोणाच्या निवेदनाशिवाय समोर येतो. या मालिकेची ताकद मला तिथेच जाणवते. शिकार आणि प्राणी सोलण्याची दृश्ये मात्र वारंवार येतात, म्हणून माळकरी घरांनी आधी एखादा भाग स्वतः पाहून ठरवावे. फासे लावून ससा धरणे तिथल्या नियमांत बसते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

‘नेकेड अँड अफ्रेड’ या, नग्न अवस्थेत जंगलात तगण्याच्या मालिकेचा विचार कुटुंबासोबत पाहण्यासाठी करू नये.

घरात आठवी-नववीच्या पुढची मुले असतील, तर मी ‘डेडलिएस्ट कॅच’च्या पहिल्या पर्वापासून सुरुवात करण्यास सुचवेन आणि मग ‘अलोन’ घ्यावी. मुले त्याहून लहान असतील, तर ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’चे निवडक भाग मोठ्यांनी शेजारी बसून दाखवावेत आणि जिथे युक्ती घातक आहे तिथे भाग थांबवून बोलावे.