बीएस्सी सीएस की बीबीए सीए? पुणे विद्यापीठात ॲडमिशन घेणाऱ्यांसाठी

मी दोन्हीकडे बसलोय. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला तीन आठवडे आणि बीबीए सीएला (सीए म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) पूर्ण तीन वर्षं, त्यामुळे माझं मत कुठे झुकणार ते आधीच धरून चाला. बीसीए सायन्स म्हणून तिसरा पर्याय पण आहे, पण तो मी केलेला नाही म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

गोष्ट २०१७ ची. बारावी सायन्स, गणित घेतलेलं, मार्क बरे, म्हणून सगळ्यांनी बीएस्सी सीएस सांगितलं आणि मी पण घेतलं. पहिल्या वर्षाला कॉम्प्युटर, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स असे चार विषय आणि चारही विषयांची प्रॅक्टिकल्स. कॉम्प्युटर लॅब आवडली, सी शिकवणारे सर फार छान होते. पण इलेक्ट्रॉनिक्स... रेझिस्टरचे रंगपट्टे ओळखा, मल्टिमीटरने मोजा, मग जर्नलमध्ये डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, उजवीकडे पेनाने माहिती, आणि सहीसाठी रांग. एकदा माझ्या आकृतीत एक लेबल राहिलं म्हणून अख्खं पान परत काढायला लावलं आणि त्या दिवशी कॉलेजातून निघायला सव्वापाच झाले.

आता यात काय एवढं असं वाटेल, पण त्याच महिन्यात म्हणजे १ जुलैला जीएसटी लागला होता आणि अप्पा बळवंत चौकात काकांचं वह्या-पुस्तकांचं दुकान, ऐन शाळा-कॉलेजच्या सीझनमध्ये, तिथे नुसता गोंधळ. तेव्हा छापील पुस्तकाला कर शून्य आणि कोऱ्या वहीला १२ टक्के, एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच बिलात दोन्ही, त्यात सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) वेगळे दाखवायचे, बाहेरच्या राज्यातून माल आला की आयजीएसटी, आणि जुनं बिलिंग सॉफ्टवेअर काही केल्या ते घेईना. काका रात्री अकरापर्यंत हाताने बिलं जुळवत बसायचे. मला तिथे दुपारी पोचायचं होतं आणि मी लॅबमध्ये रंगपट्टे ओळखत होतो. तेव्हाच जाणवलं की मला ज्या कॉम्प्युटरची ओढ आहे तो हा दुकानातला, ब्रेडबोर्डवरचा (सर्किट जोडायच्या पाटीवरचा) नाही. तिसऱ्या आठवड्यात ॲडमिशन रद्द केली आणि बीबीए सीएला गेलो. घरी आई दोन दिवस बोलली नाही.

बीबीए सीए म्हणजे पूर्वीचं बीसीए कॉमर्स. सी, डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर, जावा, वेब हे सगळं तिथेही आहे, सोबतीला अकाउंट्स, मॅनेजमेंट, बिझनेस मॅथ्स. कॉमर्स-आर्ट्सची पोरंही असतात त्यामुळे प्रोग्रामिंगचा वेग सुरुवातीला हळू वाटतो हे कबूल करतो. पण माझं कॉलेज दीडला सुटायचं आणि अडीचला मी दुकानात. सकाळी वर्गात डेबिट-क्रेडिट शिकायचं आणि दुपारी तेच खऱ्या वहीत बघायचं, हा फायदा कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलेला नसतो.

फरक खरा कळला तो शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला. बीएस्सीवाल्या एका मित्रानेही दुकानाचंच बिलिंग केलं होतं, कोड माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पण गिऱ्हाइकाने माल परत केला की त्याच्यात मूळ बिलच डिलीट व्हायचं. खऱ्या धंद्यात झालेलं बिल असं पुसता येत नाही, क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वळती करणारी चिठ्ठी) काढावी लागते, स्टॉक परत चढवावा लागतो, कराचा हिशोब उलटा करावा लागतो. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं आणि मला ते अकाउंट्सच्या तासाला आणि काकांच्या गल्ल्यावर कळलं होतं. आज मी कंपन्यांत ईआरपी (हिशोब, स्टॉक, खरेदी-विक्री एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवायचं काम करतो, आणि माझ्या अनुभवात तरी अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

आता दुसरी बाजू. पुढे एमसीएला (तो २०२० पासून दोन वर्षांचा झालाय) तो बीएस्सीवाला मित्र आणि मी एकाच वर्गात होतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आलं की तो निवांत आणि मी रात्र रात्र जागून. सहा महिने गेले बरोबरीला यायला. गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायचं असेल, एमएस्सी कॉम्प्युटर सायन्स करायचं असेल, किंवा गणित मनापासून आवडत असेल तर बीएस्सी सीएसच घ्या, तिथे पाया पक्का होतो. दुसरं म्हणजे डिग्रीचं नाव. फॉर्ममध्ये बीसीए असतं, बीएस्सी असतं, बीबीए सीए बऱ्याचदा नसतंच, आणि नुसतं बीबीए लिहिलं की समोरच्याला वाटतं तुम्ही मार्केटिंगवाले. मी रेझ्युमेवर कॉम्प्युटर ॲप्लिकेशन असं पूर्ण लिहायला लागलो तेव्हा फोन यायला लागले.

आणि एक, बीसीए-बीबीएवाले कोर्स आता एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेखाली आलेत, २०२४ पासून त्यांना राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा) आहे. बीएस्सी सीएसला ती नाही. तेव्हा बीबीए सीए डोक्यात असेल तर निकालाची वाट बघत बसू नका, सीईटीचा फॉर्म निघाला की लगेच भरून टाका. नव्या शैक्षणिक धोरणात विषयांची मांडणीही बदललीय, म्हणून माहितीपत्रक बघण्यापेक्षा कॉलेजात जाऊन पहिल्या वर्षाचं टाइमटेबल मागा. दुपारी किती वाजता सुटतं तेवढं बघा. ज्याला दुकान, वर्कशॉप, चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस असं कुठेतरी हाताखाली काम मिळू शकतं, त्याने माझ्या मते तरी बीबीए सीए घ्यावं.

माझ्या मावसबहिणीला गणितात पैकीच्या पैकी, ती बीएस्सी सीएसला गेलीय आणि मी तिला अडवलं नाही. फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या जर्नलवर त्या त्या आठवड्यालाच सही घे, साठवू नकोस, एवढं सांगितलंय.