नागपूरच्या धंतोलीतलं जखमेचं क्लिनिक, बाबांच्या पायाचा अनुभव

बाबांना खूप वर्षांपासून शुगर आहे, चप्पल लागून डाव्या तळपायाला जखम झाली ती दोन महिने भरूनच नव्हती राहिली. आधी घराजवळ एका दवाखान्यात दाखवत होतो, तिथे पट्टी बदलायची, गोळी बदलायची, बस एवढंच. पट्टीवर हिरवट डाग यायचे आणि एक विचित्र गोडसर वास, तो अजून माझ्या नाकात आहे. कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला आणि तीन औषधांपुढे 'सेन्सिटिव्ह' लिहिलेलं, मग औषध चालतं तर जखम काहून भरत नाही हे कोणी सांगतच नव्हतं, आई रोज रडायची.

धंतोलीच्या या क्लिनिकमधल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी रिपोर्टच्या कोऱ्या बाजूला चित्र काढून समजावलं. म्हणाल्या, काका, लॅबमध्ये औषध तपासतात ते सुट्या जंतूंवर, तुमच्या पायात ते घर करून बसलेत. या जंतूंमध्ये डायग्वानिलेट सायक्लेज नावाचं एंझाइम असतं, ते जीटीपी नावाच्या पेशीतल्या पदार्थाचे दोन रेणू जोडून सायक्लिक-डाय-जीएमपी बनवतं, म्हणजे जंतूच्या आतला निरोपच समजा. हा निरोप वाढला की जंतू पोहायचं सोडतो, चिकटतो आणि भोवती बुळबुळीत थर करतो, तोच बायोफिल्म. तो रेणू तोडणारं एंझाइम वेगळं, निरोप कमी झाला की जंतू सुटून दुसरीकडे जायला मोकळा. आणि थरातल्या जंतूंना मारायला शंभर ते हजार पट औषधही लागू शकतं, तेवढं माणसाला देणार कसं? बाबा दहावी शिकलेले, त्यांना सगळं कळलं. मी घरी येऊन वाचलं तर हा निरोपाचा रेणू 1987 मध्ये मोशे बेंझिमन यांच्या टीमला सापडला, तोही सेल्युलोज बनवणाऱ्या साध्या बॅक्टेरियात, रोगाशी काही संबंध नसलेल्या.

निरोप बनवणाऱ्या एंझाइमला अडवणारं औषध अजून बाजारात नाही, म्हणून थर हाताने खरवडून काढणं हाच उपाय, आणि तो दोन-तीन दिवसांत परत जमतो म्हणून तारीख चुकवायची नाही. खरवडल्यावर लगेच औषध, कारण तेव्हाच जंतू उघडे पडलेले असतात. सिस्टरचा हात इतका हलका की बाबा एकदाही ओरडले नाहीत. पाचव्या आठवड्यात जखमेत लाल मांस दिसायला लागलं, वास तर दुसऱ्याच आठवड्यात गेला होता.

तक्रार एकच, नंबर लावूनही दीड तास बसावं लागतं आणि पार्किंग अजिबात नाही, मे महिन्याच्या उन्हात पायाला पट्टी असलेल्या माणसाला रस्त्यावर उतरवणं खूप त्रासाचं आहे, खाली एक व्हीलचेअर तरी ठेवा. एका ड्रेसिंगचे 600 घेतात, बिल देतात.

जाणार असाल तर सकाळी जा आणि कल्चरचे जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या, मॅडम ते खरंच वाचतात.