७ एमएम टीसीयू की .३० हेरेट: पितळी केस घडवण्याच्या दृष्टीने तुलना

अमेरिकेत थॉम्प्सन-सेंटर कंपनीचे कंटेंडर हे एकबारी पिस्तूल १९६७ मध्ये बाजारात आले. एक खिळ काढली की त्याची नळी बदलता येते, म्हणून आजही जुन्या नळ्यांची खरेदी-विक्री चालू असते. अशा वेळी ७ एमएम टीसीयू (थॉम्प्सन-सेंटर उगाल्डे) आणि .३० हेरेट या दोन नळ्या हटकून समोर येतात. या दोन्ही काडतुसांसाठी कारखान्यातून नळ्या निघाल्या, मात्र तयार काडतुसे दुकानात नेमाने मिळतील अशी स्थिती कधी आली नाही. त्यामुळे नळी घेणाऱ्याला दुसऱ्या काडतुसाची पितळी केस (दारू आणि गोळी धरणारे कवच) घडवून वापरावी लागते. पल्ला किंवा अचूकता यांची तुलना मी येथे करणार नाही. नळी घेतल्यानंतर पुढची दहा वर्षे केसेस कशा मिळवाव्या लागतील, एवढाच प्रश्न विचारात घेतला आहे, कारण पुष्कळ नळ्या याच प्रश्नाचा विचार न झाल्यामुळे कपाटात पडून राहतात.

पुढील सर्व विवेचन अमेरिकेतील परिस्थितीला धरून आहे. तेथे स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरण्यास संघीय परवाना लागत नाही. विक्रीच्या व्यवसायासाठी तो लागतो, आणि राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे ही माहिती येथे वापरण्यासाठी नाही.

७ एमएम टीसीयू हे काडतूस वेस उगाल्डे यांनी १९८० च्या सुमारास .२२३ रेमिंग्टनच्या केसपासून तयार केले. केसची मान (गोळी धरणारा अरुंद भाग) ०.२२४ इंचाच्या गोळीऐवजी ०.२८४ इंचाच्या गोळीसाठी रुंद करायची, आणि पहिल्या बारात खांदा (मान आणि धड यांमधला उतार) चेंबरमध्ये, म्हणजे नळीतील काडतुसाच्या जागेत, फुलून ४० अंशांचा होतो, काम एवढेच. त्यासाठी निमुळता एक्स्पांडर (मान रुंद करणारा दांडा) बसवलेली टीसीयूची डाय, म्हणजे केसला आकार देणारा साचा, पुरते. मानेच्या आतून थोडे वंगण लावून केस सावकाश दाबली, तर चांगल्या पितळाची मान एका फेरीत रुंद होते. मात्र पितळ जुने किंवा कडक असेल, तर मध्ये ६ किंवा ६.५ मिलिमीटरचा टप्पा घेतल्यास तडकणाऱ्या केसेस कमी होतात. मान रुंद झाल्याने केस किंचित आखूड होते, ती कापावी लागत नाही. काही नेमबाज या पहिल्या बाराच्या गोळ्या सरावासाठीच वापरतात, त्यामुळे तो बार वायाही जात नाही.

मूळ केसच्या उपलब्धतेत टीसीयू निर्विवाद पुढे आहे, कारण .२२३ हे अमेरिकेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रायफल काडतुसांपैकी एक आहे आणि रेंजवर त्याच्या वापरलेल्या केसेस सहज मिळतात. पण सहज मिळतात म्हणून मिसळून वापरू नयेत. मिझुरीतील लेक सिटी कारखान्याच्या लष्करी केसच्या बुडावर ‘एलसी’ आणि वर्षाचे दोन अंक असतात. तिचे पितळ चांगले असते, पण प्रायमरभोवती (बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीभोवती) दाबून केलेली पकड आधी काढून टाकावी लागते. एकाच हेडस्टॅम्पच्या (बुडावरील छापाच्या), शक्यतो एकाच वर्षाच्या पन्नास-शंभर केसेस वेगळ्या काढून त्यांच्यावरच सर्व संस्कार करावेत. पोलादी केसेस चुंबकाने बाजूला काढाव्यात; त्यांची मान रुंद करण्याचा प्रयत्न करू नये.

.३० हेरेटची गोष्ट वेगळी आहे. पिस्तुलाच्या मुठी घडवणारे स्टीव्ह हेरेट आणि लेखक बॉब मिलेक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, कंटेंडरच्या आखूड नळीत .३०-३० ची दारू पूर्ण जळत नाही, हे लक्षात घेऊन त्याच केसपासून हे आखूड काडतूस रचले. .३०-३० ची केस सुमारे ५१.८ मिलिमीटर लांब असते, हेरेटची सुमारे ४०.८; म्हणजे जवळजवळ अकरा मिलिमीटर पितळ कापून टाकायचे. केस फॉर्मिंग डायमध्ये दाबून खांदा मागे ढकलावा लागतो, डायच्या वर आलेला भाग करवतीने कापावा लागतो, मग कानशीने वा ट्रिमरने तोंड सरळ करून आतली-बाहेरची धार मोडावी लागते. .३०-३० चे पितळही दुर्मीळ नाही, कारण हे काडतूस १८९५ पासून चालत आले आहे. परंतु एका केसमागे लागणारा वेळ टीसीयूच्या कितीतरी पट आहे.

वेळेपेक्षा महत्त्वाची बाब मानेच्या जाडीची आहे, आणि माझ्या मते निर्णय याच मुद्द्यावर व्हायला हवा. टीसीयूमध्ये अरुंद मान ताणून रुंद केली जाते, म्हणून तिची भिंत पातळ होते. हेरेटमध्ये जुना खांदा आणि धडाचा वरचा भाग आवळून नवी मान बनते, म्हणून तिची भिंत जाड होते. पातळ मान बिघडली तर ती तडकते. तडा डोळ्यांना दिसतो, केस फेकून द्यायची आणि पुढे जायचे. जाड मानेचा दोष मात्र बाहेरून दिसत नाही. गोळी बसवल्यावर मान चेंबरच्या भिंतीला घट्ट टेकली, तर बाराच्या वेळी तिला फुलून गोळी सोडायला जागाच उरत नाही आणि दाब धोकादायकरीत्या वाढतो. म्हणून हेरेटच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्यातील केसेसची मान गोळीसह मायक्रोमीटरने मोजणे, आणि गरज पडल्यास ती आतून रीमरने किंवा बाहेरून टर्निंग करून पातळ करणे, हा कामाचा अनिवार्य भाग आहे.

हेडस्पेसच्या, म्हणजे बंद चेंबरमध्ये केसला मिळणाऱ्या जागेच्या, बाबतीतही हेरेट अधिक लक्ष मागते. .३०-३० च्या बुडाला बाहेर आलेली कडा असल्यामुळे केस कडेवरच टेकते असे समजून डाय पूर्ण खाली बसवली, तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो. दर बाराला केस ताणली जाते आणि अखेर बुडाच्या वर तुटते. दोन्ही काडतुसांत केस खांद्यावर टेकेल आणि पिस्तूल किंचित घट्टपणे बंद होईल, अशा बेताने डाय बसवावी. केसच्या आत वाकवलेली तार फिरवून बुडाजवळ खोलगट वळ लागतो का, हे अधूनमधून पाहावे. बाहेरून चकचकीत कडे दिसू लागले, तर ती केस बाद समजावी.

आता पितळाच्या स्वभावाबद्दल. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी कडक झालेले तांबे कारागीर पुन्हा तापवून मऊ करतात, तोच नियम ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या केसच्या पितळालाही लागू आहे. घडवताना कडक झालेली मान तापवून मऊ करावी, पण बूड गरम होऊ देऊ नये, कारण बाराचा दाब बुडानेच पेलायचा असतो. यात भारताशी जोडलेला एक जुना अनुभव उपयोगी पडतो: ब्रिटिश फौजांची काडतुसे येथे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असताना आपोआप तडकत, घडवताना पितळात उरलेला ताण आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया यांच्या संयोगाने असे होते, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. घडवलेल्या केसमध्ये हाच ताण असतो, म्हणून ती अमोनियायुक्त पितळ-पॉलिशने कधीही घासू नये. लिंबातले सौम्य सायट्रिक आम्ल चालते.

तयार घडवलेल्या केसेस लहान उत्पादकांकडून विकत घेणे हाही मार्ग आहे. टीसीयूसाठी तो मला अनावश्यक वाटतो. हेरेटसाठी मात्र तो खरोखर विचारात घ्यावा, विशेषतः वर्षाला शंभरपेक्षा कमी बार करणाऱ्याने, कारण फॉर्मिंग डाय, मानेचा रीमर आणि ट्रिमर यांचा खर्च त्याच्या बाबतीत कधीच वसूल होत नाही. विकतच्या केसचीही मान मोजल्याशिवाय वापर करू नये.

केवळ केसचा विचार केला तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने टीसीयू घ्यावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. हेरेटची नळी आधीच घरात असेल, किंवा डाय आणि रीमरसह मिळत असेल, तर ती नाकारू नये. आखूड नळीसाठी विचारपूर्वक रचलेले ते काडतूस आहे आणि कडेमुळे त्याची केस काढणेही सोपे जाते. फक्त व्यवहार करण्यापूर्वी विक्रेत्याकडे त्याच नळीतून उडवलेल्या दोन केसेस मागाव्यात आणि ०.३०८ इंचाची सुटी गोळी त्यांच्या मानेत हाताने सोडून पाहावी. ती अडखळली, तर त्या केसेसची मान जाड आहे, आणि सोबत मिळणाऱ्या केसेसचा गठ्ठा मान पातळ केल्याशिवाय भरू नये.