मीटिंगसाठी रंगीत कार्डांचा सेट: घ्यावा का? (कोहाउसिंगवाल्यांसाठी)

आमच्या कोहाउसिंगच्या (म्हणजे घरं ज्याची त्याची, पण काही जागा आणि कारभार सगळ्यांचा मिळून, अशा वसाहतीच्या) मीटिंगांसाठी पाच रंगांच्या कार्डांचा एक रेडिमेड सेट मागवला होता, आता वापरून बऱ्यापैकी जुना झालाय, म्हणून जमेल तसं लिहिते. आधीच सांगते, वस्तू म्हणून सेट यथातथाच आहे, पद्धत मात्र कामाची निघाली, आणि ज्यासाठी मागवला होता ती भानगड निम्मीच सुटली.

भानगड कुठली, तर सगळीकडे असते तीच. मीटिंगला तीस माणसं, बोलणार पाच-सहा, त्यातले दोघं तर प्रत्येक विषयावर. बरं, सगळ्यांना बोलू द्या म्हटलं तर हिशोब करून बघा, तीस जणांनी तीन-तीन मिनिटं घेतली की एका विषयाला दीड तास गेला. कोहाउसिंगचा आकारच अवघड आहे हो. डेन्मार्कमधलं सेटेडामेन, १९७२ चं, ज्याला सगळ्यात जुनं म्हणतात, ते २७ घरांचं. अमेरिकेत नव्याने बांधलेलं पहिलं म्युर कॉमन्स, १९९१ चं, ते २६ घरांचं. म्हणजे एका टेबलाभोवती बसून ठरवावं इतके कमी नाही आणि चार प्रतिनिधी निवडून मोकळं व्हावं इतके जास्तही नाही.

तर कार्डं. चर्चा चालू असताना पिवळं म्हणजे मला प्रश्न आहे, हिरवं म्हणजे मला काही सांगायचंय, लाल म्हणजे थांबा, आपण विषय सोडून भरकटलोय किंवा वेळ संपली. फॅसिलिटेटरने, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याने, आधी लाल बघायचं, मग पिवळं, हिरवं सगळ्यात शेवटी. ह्या एका क्रमानेच अर्धं काम होतं, कारण आमचे नेहमीचे वक्ते सगळे हिरवंवाले, ते आपोआप रांगेत मागे गेले!

निर्णयाच्या वेळी त्याच कार्डांचे अर्थ बदलतात: हिरवं मान्य, निळं तटस्थ, पिवळं म्हणजे आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, नारिंगी म्हणजे मला पटलेलं नाही पण मी अडवणार नाही, आणि लाल म्हणजे अडवतोय. हे डबल अर्थ डोक्यात बसायला वेळ लागतो, सुरुवातीला तर दर वेळी कोणीतरी लाल वर करून "नाही नाही, मला फक्त वेळ संपली असं म्हणायचं होतं" करत होतं.

पैसे वसूल कुठे झाले म्हणाल तर पिवळ्यावर. आमच्याकडे गाड्या बाहेर कडेला लावायच्या आणि मधला रस्ता पायी चालणाऱ्यांचा, तिथे कोणी गाडी आत घालू नये म्हणून कुलूपवाला आडवा खांब बसवायचा प्रस्ताव होता. उंची किती, रंग कुठला, ह्यावर तावातावाने चर्चा, सगळे खूश, आता हिरवी कार्डं वर होणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक काकू, ज्या मीटिंगमध्ये सहसा तोंडच उघडत नाहीत, त्यांचं पिवळं कार्ड. प्रश्न एवढाच की रात्री अँब्युलन्स आली तर हे कुलूप कोण उघडणार आणि चावी कुठे असणार. सगळे गप्प. प्रस्ताव परत गेला आणि पुढच्या वेळी किल्लीशिवाय खाली पाडता येणारा खांब घेऊन आला. काकूंनी आधी हात वर करून, घसा खाकरून, मधेच घुसून हे विचारलं असतं का? मला नाही वाटत.

नारिंगी पण चांगलंय, पण ते नुसतं मोजून पुढे जाऊ नका. हिरव्यांची गर्दी आहे आणि सहा-सात नारिंगी, तर कागदावर प्रस्ताव पास, पण ते सहा-सात जण कामाला येणार नाहीत हे लिहून घ्या. आम्ही आता ठरवलंय की चारच्या वर नारिंगी दिसली की प्रस्ताव कमिटीकडे परत.

लाल कार्डाबद्दल सेटसोबतच्या पुस्तिकेत दोन ओळी आहेत, आणि माझा सगळ्यात मोठा राग त्यावरच आहे. अडवायचा हक्क द्यायचा आणि पुढे काय ते सांगायचंच नाही, म्हणजे एक माणूस सगळ्यांना कितीही दिवस लटकवून ठेवू शकतो. एकमताची परंपरा असलेल्या क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांमध्ये मुळात असं अडवणं क्वचितच होतं, आणि तेही समूहाच्या हितासाठी, मला रंग आवडला नाही म्हणून नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावातल्या एन स्ट्रीट कोहाउसिंगने ह्यावर जो तोडगा काढलाय तो मला सगळ्यात व्यवहारी वाटतो: जो अडवेल त्यानेच प्रस्तावाच्या बाजूच्या लोकांबरोबर मीटिंगा घेऊन नवा मार्ग शोधायचा, नाहीच निघाला तर मूळ प्रस्ताव परत येतो आणि ७५ टक्के मतांवर ठरतो. म्हणजे लाल दाखवायचं तर मागे घरचा अभ्यास आला. आम्ही हेच उचललं, त्यानंतर लाल कार्ड दाखवण्याआधी माणसं दोनदा विचार करतात.

आता न सुटलेली निम्मी भानगड. जे मीटिंगला येतच नाहीत, लहान मुलं आहेत, शिफ्टची नोकरी आहे, किंवा नुसता कंटाळा आहे, त्यांच्या हातात कार्ड कुठून येणार? त्यासाठी आम्ही मीटिंगांच्या मधल्या काळात लूमियो हे ऑनलाइन चर्चा करून ठरवायचं सॉफ्टवेअर वापरतो, न्यूझीलंडमधल्या लोकांनी ऑक्युपाय ह्या आर्थिक विषमतेविरुद्धच्या चळवळीतून प्रेरणा घेऊन केलेलं, तिथेही मान्य, तटस्थ, अमान्य आणि अडवतो असं निवडून खाली कारण लिहिता येतं आणि मुदत संपेपर्यंत मत बदलता येतं. प्रश्न आणि हरकती तिथे आधीच येऊन पडतात, मीटिंग हलकी होते. पण गैरहजर माणसाचं अडवणं धरायचं का ह्यावर आमच्यात अजून वाद आहे, माझं म्हणणं धरू नये, अडवायचं तर समोर बसून बोलायला यावं.

वस्तू म्हणून तक्रारी. लाल आणि हिरवं ज्यांना वेगळं दिसत नाही (पुरुषांमध्ये ही अडचण बरीच जास्त असते) त्यांचा विचारच केलेला नाही, कार्डावर ना अक्षर ना खूण. आमच्यातल्या एकाने सरळ सांगितलं की मला ही दोन्ही सारखीच मातकट दिसतात. मार्करने अक्षरं काढली तर लॅमिनेशनवरून पुसली जातात, शेवटी कोपरे कापले, लालचा एक, हिरव्याचे दोन. नारिंगी आणि लाल तर संध्याकाळच्या लाइटमध्ये मलाही सारखीच दिसतात.

सोशिओक्रसीने चालणाऱ्या, म्हणजे छोट्या छोट्या सर्कलमध्ये आळीपाळीने बोलून ठरवणाऱ्या ग्रुपने हा सेट घेऊ नये, सात-आठ जणांत कार्डं हवीतच कशाला. वीसच्या वर माणसं बसत असतील तर उपयोग आहे, पण मग जाड कागद आणून घरीच कापा ना, मुलं हौसेने कापून देतील. पाचपैकी अडीच, त्यातले दोन पिवळ्या कार्डाचे.