आश्रमातल्या खोलीपायी १७,२०० रुपये गेले

कार्तिक दीपमच्या उत्सवाला तामिळनाडूतल्या तिरुवण्णामलाईला जायचं, अरुणाचल डोंगराची १४ किलोमीटरची प्रदक्षिणा करायची, असं आईने कधीचं मनात धरलं होतं. भुसावळहून नवजीवनची तिकिटं काढली आणि राहण्यासाठी तिथल्या रमण महर्षींच्या आश्रमाचं, रमणाश्रमाचं नाव गुगलवर टाकलं. सगळ्यात वरची साइट उघडली. गोपुर, मागे डोंगर, महर्षींचा फोटो, खाली व्हॉट्सअॅप नंबर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

खोलीचे ३,६०० घेतले. मग 'रिफंडेबल डिपॉझिट' ५,०००. मग म्हणे एंट्री अडकली, तेवढीच रक्कम एकदम टाका, आधीचे आपोआप परत येतील. गेले आणखी ८,६००. कापसाचे पैसे होते हो, व्यापाऱ्याने नुकतेच दिलेले.

संताप कशाचा येतो सांगू? पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव आलं होतं. आश्रमाचं नाही, कुठल्याशा मोबाईल शॉपीचं! मी विचारलंही. "ट्रस्टचं खातं ऑडिटला आहे, सर," असं गोड हिंदीत उत्तर. दीपमला तिथे लाखोंची गर्दी, खोल्या कधीच्या भरलेल्या, आणि समोरचा म्हणतो एकच उरलीय. कोण थांबेल? शेजारी आई, "टाकी दे रे भाऊ."

नंतर कळलं, खरा आश्रम खोलीचं भाडं ठरवून घेतच नाही. आधी ईमेलने कळवायचं, देणगी ज्याच्या त्याच्या इच्छेने. लंगोटीवर आयुष्य काढलेल्या महर्षींच्या नावाने हे चोर 'एसी डीलक्स' विकत होते!

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३० लागता लागेना. लागला तेव्हा तक्रारीचा क्रमांक मिळाला, बस. बँकेतले साहेब म्हणतात पोलिसांकडे जा. ठाण्यात म्हणतात सायबरवाले जिल्ह्याला बसतात. तिकडे स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का हवा, आणि बँकेत जेवणाची सुट्टी. वर एक जण विचारतो, "शिकलेले दिसता, तरी?" अहो, शॉपीचं नाव, नंबर, यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्यात. खातं कुणाचं ते काढा ना! सायबर तक्रारीच्या पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत'च आहे.

सगळ्यात वरची साइट बऱ्याचदा पैसे भरून लावलेली जाहिरात असते. "परत मिळवण्यासाठी आधी भरा" ऐकलं की फोन ठेवा. १९३० लगेच लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकले की संपलं. आणि "९९९ फी भरा, बुडालेले काढून देतो" म्हणणाराही त्यातलाच. मला परवाच फोन आला.