एफ-क्लॅम्प: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रात्री टेबलाच्या तीन फळ्या गोंद लावून सहा एफ-क्लॅम्पने (लांब दांडा, त्यावर सरकता जबडा आणि आवळायला स्क्रू असलेली पकड) आवळल्या आणि झोपलो. सकाळी बघतो तर एका सांध्यात नख जाईल एवढी फट. सहापैकी दोन क्लॅम्पचे सरकते जबडे दांड्यावरून घसरले होते आणि गोंद खडखडीत वाळला होता. सांधा कापून, कडा रंधून पुन्हा जोडल्या, त्यात फळीची रुंदी कमी झाली ती झालीच.

एफ-क्लॅम्प घेतले ते वेळ वाचावा म्हणून. जी-क्लॅम्पला सरकता जबडा नसतो, नुसता स्क्रू फिरवता फिरवता मनगट भरून येतं, तोवर गोंद ओढू लागतो. इथे जबडा सरकवायचा, मुठीला दोन फेरे द्यायचे की काम झालं. पहिले तीन महिने मी भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत होतो. मग घसरणं सुरू झालं. मूठ आणखी आवळली तर गोंद सगळा बाहेर आला आणि फळ्या मधोमध उचलल्या. दुकानदाराने 'जोर जास्त लावता' म्हणून हात झटकले. बदलून देणार नाही म्हणाला.

इथवर एकच तारा देणार होतो. पण काल क्लॅम्प उजेडात धरून नीट पाहिला. जबड्याला कुलूप, खटका काही नसतं. स्क्रू आवळला की जबडा किंचित तिरका होतो आणि त्याच्या खाचेच्या दोन कडा दांड्याला चावतात, सगळी पकड तेवढीच. माझ्या दांड्यांवर ओघळलेल्या गोंदाची कातडी होती आणि गंज धरू नये म्हणून मीच चोळलेलं मेणही. गोंद खरवडला, मेण थिनरने पुसलं, दांड्याच्या दोन्ही अरुंद कडांवर त्रिकोणी कानशीने बारीक आडव्या रेघा मारल्या. पाच क्लॅम्प आता हलत नाहीत. सहाव्याच्या खाचेच्या कडा आठ महिन्यांतच गोल झाल्यात. तो दोष मालाचाच, तिथे माझं भांडण कायम आहे.

स्टुलाच्या गोल पायाला मात्र यातला एकही क्लॅम्प धरत नाही. तिथे सायकलची जुनी ट्यूब लांब कापून, ताणून गुंडाळली. प्रत्येक वेढ्याने दाब वाढतो आणि रबर घसरत नाही. फळ्यांसाठी समोरासमोर ठोकलेल्या दोन पाचरीही तितक्याच खमक्या. पाटावर दोन पट्ट्या घट्ट बसवायच्या, मध्ये फळ्या ठेवायच्या आणि उरलेल्या फटीत पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या.

फळ्या आवळताना आता एक क्लॅम्प वरून, एक खालून लावतो, म्हणजे त्या उचलल्या जात नाहीत. दांडा आणि सांधा यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा ठेवतो. दांड्याला गोंद लागत नाही आणि ओल्या गोंदात लोखंड टेकून सागावर पडणारा काळा डागही टळतो.

तीन तारे. सहावा क्लॅम्प खुंटीला टांगलाय, त्याच्या जागी पाचरी चालतात.